जुना डेस्कटॉप टीव्हीखाली आला, आवाज यायला बारा दिवस लागले

आमच्याकडचा डेस्कटॉप २०११ चा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. पाच-सहा वर्षं कॉटखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता. भंगारवाला दोनदा विचारून गेला, मी दिला नाही. त्यातल्या हार्ड डिस्कवर बाबांनी हँडीकॅमवर काढलेल्या १९ टेप आहेत. मिनी डीव्हीची एक तासाची टेप कॉम्प्युटरवर उतरवायला पूर्ण एक तास जातो आणि फाइल होते साधारण १३ जीबीची. फायरवायरचं (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचं) कार्ड टाकून, रात्री जागून मी ते सगळं उतरवलं होतं. नंतर कुणी पाहिलंच नाही. टीव्हीच्या यूएसबीला त्या फाइल चालत नाहीत, आणि लॅपटॉपसमोर पाच माणसं दाटीवाटीने बसून किती वेळ बघणार?

म्हणून ठरवलं, हा सीपीयूच टीव्हीखाली ठेवायचा.

बाकीचं काम दोन संध्याकाळींत झालं. धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलला आणि १२० जीबीची एसएसडी घातली. तिच्यावर लिब्रेइलेक नावाचं, विंडोजच्या जागी चालणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट आहे, पेनड्राइव्हवरून टाकता येतं, आणि मशीन सुरू केलं की थेट कोडीच, म्हणजे व्हिडिओ-गाणी लावायचं अ‍ॅप, उघडतं. (२०१४ पर्यंत कोडीला एक्सबीएमसी म्हणायचे, जुन्या लोकांना ते नाव आठवेल.) घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हे करणार असाल तर विंडोजच्या फंदात पडू नका. आईला दोन दिवसांत सवय झाली.

अडलं ते आवाजावर.

आमच्या बोर्डाला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारं सॉकेट) नाही. व्हीजीए आणि डीव्हीआय ही जुनी सॉकेटं, एवढंच. मी डीव्हीआय-टू-एचडीएमआय केबल आणली आणि टीव्हीच्या एचडीएमआय दोनमध्ये लावली. चित्र लगेच आलं. चारही बाजूंनी थोडं कापलेलं होतं, पण आलं. आवाज मात्र अजिबात नाही. आई सोफ्यावर बसून बघत होती. पडद्यावर मामा-मामी, आजी, सगळे बोलताहेत, हसताहेत, आणि घरात फक्त पंख्याचा आवाज. आई म्हणाली, "अगं, ही माणसं बोलत का नाहीत?"

कोडीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जेवढे पर्याय होते तेवढे लावून पाहिले. केबल बदलली, आणखी साडेचारशे गेले. शेवटी पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानात सीपीयू घेऊन गेले. "ठेवून जा, उद्या सांगतो." उद्याचे सहा दिवस झाले. रोज फोन केला की "मुलगा बाहेर गेलाय", "आज टेस्टिंगला लावतो". सहाव्या दिवशी निकाल: ऑनबोर्ड साउंड (बोर्डावरचाच आवाजाचा भाग) गेलाय, बोर्ड जुना आहे, नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या. चेकिंगचे पाचशे.

रिक्षातून डबा मांडीवर घेऊन घरी आले आणि मागच्या हिरव्या जॅकमध्ये हेडफोनची पिन घातली. आजीचा आवाज स्वच्छ ऐकू आला. सहा दिवसांत त्या दुकानात कुणी एक हेडफोन लावून पाहिला नव्हता, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. साउंड व्यवस्थित होता. तो टीव्हीपर्यंत पोहोचत नव्हता, एवढंच.

कारण साधं आहे, पण ते मला कुणी सांगितलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. डीव्हीआय मुळात चित्रासाठी. काही ग्राफिक्स कार्डं त्यातूनही आवाज पाठवतात, आमच्या बोर्डासारखे बरेच बोर्ड पाठवत नाहीत. दुसऱ्या टोकाला एचडीएमआय आहे, एवढ्यानेच आवाज येतो असं नाही. जो निघालाच नाही तो पोहोचणार कसा? त्यामुळे कितीही केबल बदला, सेटिंग बदला, उपयोग शून्य.

उपाय टीव्हीच्या पाठीवरच होता. मोबाइलची बॅटरी लावून टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढला. एचडीएमआय एकच्या शेजारी बारीक अक्षरांत 'डीव्हीआय' लिहिलेलं, आणि त्याच्या खाली हेडफोनच्या मापाचं एक भोक, 'पीसी/डीव्हीआय ऑडिओ इन'. हा टीव्ही आमच्याकडे दहा वर्षांहून जास्त आहे. ते भोक हेडफोनसाठी आहे असंच आम्ही सगळे समजत होतो.

मग दोन्हीकडे पिन असलेली वायर आणली. एक टोक सीपीयूच्या हिरव्या जॅकला, दुसरं त्या भोकात. केबल एचडीएमआय दोनमधून काढून एकमध्ये. कोडीत आवाजाचं आउटपुट अ‍ॅनालॉग केलं. तरीही आवाज नाही! इथे मी खरंच रडकुंडीला आले होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टीव्हीचं माहितीपुस्तक कपाटातल्या बिलांच्या फाइलमध्ये सापडलं, त्यात एक ओळ होती: सोर्सच्या यादीत जाऊन त्या इनपुटचं नाव 'डीव्हीआय पीसी' करा. नाव बदललं की टीव्ही आवाज एचडीएमआयमधून न घेता त्या जॅकमधून घेतो. नाव बदललं, आणि आजी बोलली. "अरे, करंज्या जळतील, तो कॅमेरा ठेव आधी." आई आतल्या खोलीत झोपली होती, ती उठून बाहेर आली. आम्ही दोघी दोन वाजेपर्यंत बसलो होतो.

त्याच नावामुळे चारही बाजूंनी कापलेलं चित्रही नीट झालं. पीसी म्हटल्यावर टीव्ही कडा कापत नाही. प्रत्येक टीव्हीत हे नाव सारखं नसेल, तरी इनपुटला नाव देण्याची सोय आहे का ते आधी बघा.

आता सुचेल तसं सांगते.

हँडीकॅमच्या जुन्या फाइलमध्ये माणूस हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. व्हिडिओ चालू असताना कोडीच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस चालू करा, जातात.

रिमोट विकत घेऊ नका. कोडीचंच 'कोरे' नावाचं अ‍ॅप अँड्रॉइड मोबाइलवर घ्या. कोडीच्या सर्व्हिसेसमध्ये एचटीटीपीवरून कंट्रोलला परवानगी द्यावी लागते, आणि दोन्ही घरच्या एकाच नेटवर्कवर हवेत.

भाच्याच्या मुंजीचे मोबाइलवरचे व्हिडिओ मात्र अडखळत चालले. बरेच नवे फोन एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतात आणि या पिढीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये ते उलगडायची सोय नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. एच.२६४ हा जुना फॉरमॅट मात्र आरामात चालतो. भाच्याला आयफोनच्या कॅमेऱ्यात फॉरमॅट 'मोस्ट कंपॅटिबल' करायला सांगितलंय. जुने व्हिडिओ मी हँडब्रेक या सॉफ्टवेअरवर एकेक करून बदलते आहे.

कीबोर्ड काढून ठेवल्यावर मशीन सुरूच होईना, तेव्हा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'हॉल्ट ऑन'च्या पुढे 'नो एरर्स' केलं.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. लिब्रेइलेक इन्स्टॉल करताना जी डिस्क निवडाल ती पूर्ण पुसली जाते. यादीत डिस्कची नावं मॉडेल नंबरने येतात, घाईत चूक व्हायला एक सेकंद पुरतो. मी बाबांच्या टेपवाल्या डिस्कची साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) आधीच काढून ठेवली होती आणि कोडी नीट सुरू झाल्यावरच परत लावली. एक कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर काढली आहे, ती ताईकडे नाशिकला असते.