तुम्ही विचारलंत म्हणून: ख्याल शिकून पॉप का?

ग्वाल्हेरमध्ये वाढलेल्या आणि ग्वाल्हेर घराण्याचेच गाणे शिकलेल्या मुलीने पॉप का गावे, हा प्रश्न मला डिसेंबरात तानसेन समारोहाच्या मांडवात हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात ‘घराणे सोडलेस’ हे उत्तर आधीच ठरलेले असते. ज्या शहरात संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तिथल्या मराठी घरांतली ही हळहळ मी समजू शकते.

कारण साधे आहे: मला माझ्या पिढीच्या बोलण्यातली गाणी गावीशी वाटली. (पैसेही बरे मिळतात, ते कशाला लपवू?) मात्र त्यात जड काय गेले, हे कोणी विचारत नाही, आणि सांगण्यासारखे तेच आहे.

तिलवाडा या संथ तालातल्या ख्यालात बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, किती लांबवायची आणि मुखडा, म्हणजे समेवर आणणारी ओळ, कधी उचलायचा हे माझ्या हाती असते, शिवाय तबलजी सांभाळून घेतो. रेकॉर्डिंगमध्ये कानात वाजणारे ठोके कोणासाठी थांबत नाहीत. त्याहून कठीण निघाला तो गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या शुद्ध गंधारावर माझा कान पोसलेला, तर कीबोर्डचा गंधार, अर्ध्या सुराचे शंभर भाग मानले तर, त्याहून सुमारे चौदा भागांनी चढा; त्यामुळे मैफलीत जो सुरेल, तोच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) उतरलेला वाटतो. मग ऑटोट्यून, म्हणजे सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर, येते. पडद्यावर माझी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, वळणदार रेषेसारखी दिसते आणि रेकॉर्डिस्ट क्षणात तिच्या पायऱ्या करून टाकतो. आता मी आधीच बजावते, की लांब ठेवलेला स्वर हवा तर सरळ करा, मींडेला हात लावायचा नाही. उलट, टप्पा या चपळ गानप्रकारातल्या जमजम्यांनी (जलद स्वरगुच्छांनी) गळा फिरता झाला असल्यामुळे ज्या बारीक हरकतींसाठी इतरांना खटपट करावी लागते, त्या मला आयत्या मिळाल्या, आणि ते देणे घराण्याचेच आहे.

गुरुजींना पहिले गाणे ऐकवताना मी धास्तावले होते. त्यांनी शब्दांबद्दल वा चालीबद्दल अवाक्षर काढले नाही. “माईक इतका जवळ असताना श्वास तोंडाने घेऊ नकोस, ऐकू येतो,” एवढेच म्हणाले. पुढच्या रेकॉर्डिंगला मी ते पाळले, आणि गाणे खरोखरच सुधारले.