दिघ्यातली संध्याकाळची अभ्यासिका: हजेरीवही नीट ठेवायला शिकलो ते वर्ष

मूल शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी सोमवार बुडतो, मग आठवड्यातले दोन दिवस, मग ‘गावाला गेलो होतो’ हे उत्तर येतं आणि सहामाहीनंतर पटावर फक्त नाव उरतं. नवी मुंबईतल्या दिघ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत आम्ही सातजणांनी अभ्यासिका सुरू केली, तेव्हा आमचं सगळं लक्ष शिकवण्याकडे होतं. हजेरी आम्ही आठवड्यातून एकदा, आठवेल तशी भरायचो. ती पहिली चूक. ज्यांना ठाण्यात किंवा नवी मुंबईत असं काही सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाचा अनुभव लिहितो आहोत.

खोली समाजमंदिराची मिळाली. वेळ ठरवण्याआधी एकच प्रश्न घरोघर विचारायला हवा होता: नळाला पाणी कधी येतं? आम्ही साडेपाच ठरवले आणि पाणी त्याच सुमाराला यायचं. पाणी भरायचं काम मुलींचं, त्यामुळे मुलं हजर आणि मुली गैरहजर. दुपारच्या पाळीच्या शाळेतली मुलंही तोवर घरी पोचलेली नसायची. शेवटी सव्वासहा ते पावणेआठ अशी वेळ पक्की झाली, आठवड्यातून चार दिवस. आठच्या पुढे मुलींना घरून परवानगी नसते, हे गृहीतच धरा.

मुली कडेवर धाकटी भावंडं घेऊन येतात. ‘लहानांना आणू नका’ असं सांगितलं तर मोठीही येणं बंद करते. आम्ही एका कोपऱ्यात सतरंजी घातली, खडू आणि जुने कागद ठेवले आणि एक स्वयंसेवक तिथेच बसवला. खाऊही आवश्यक आहे. शाळेतल्या खिचडीनंतर पोटात काही गेलेलं नसतं. वीस मुलांना अर्धा किलो भाजलेले चणे आणि पाव किलो गूळ पुरतो. खाऊ सुरुवातीला द्या. शेवटी दिला की काही मुलं शेवटच्या दहा मिनिटांनाच येतात आणि बाकीची भुकेल्या पोटी बसतात.

शिकवायला बसण्याआधी प्रत्येक मुलाची पातळी पाहायची. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात वापरतात ती पद्धत सोपी आहे आणि एका मुलाला दहाएक मिनिटं लागतात. मुलाला बाजूला घेऊन आधी चार ओळींचा परिच्छेद वाचायला द्यायचा. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत तर मोठी गोष्ट, नाहीतर साधे शब्द. पाचातले चार शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागाकार, एवढं पुरे. चाचणी इतर मुलांसमोर कधीही घेऊ नका. सातवीतला मुलगा अक्षरांवर अडकला आणि चौथीतल्यांनी ते ऐकलं, तर तो परत येणार नाही.

मग गट इयत्तेप्रमाणे न पाडता पातळीप्रमाणे पाडायचे, एका मोठ्या माणसामागे पाच-सहा मुलं. मोठ्या मुलांना लहानांच्या गटात बसायची लाज वाटते, म्हणून अक्षरगटातल्या मोठ्यांना वेगळं बसवलं आणि ‘अ अननसाचा’ ऐवजी दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, औषधाच्या चिठ्ठीवरची नावं वाचायला दिली. ते टिकलं.

संख्यांबाबत एक गोष्ट सगळ्या नव्या स्वयंसेवकांना सांगतो. मूल एकोणसत्तर ऐकून 79 लिहितं, तेव्हा त्याला गणित येत नाही असं नसतं. त्याच्या कानावर ‘सत्तर’ पडलेलं असतं. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी हे सगळे त्याच जातीचे. घरी हिंदी, कन्नड किंवा बंजारा बोली असेल तर गोंधळ दुप्पट होतो. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवा. सात गठ्ठे मांडून एक सुटा करायचा आणि त्यातली एक काडी बाजूला काढायची, की ‘एक उणे सत्तर’ हाताला समजतं. हातच्याची वजाबाकीही याच काड्यांनी सुटते, कारण ‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ म्हणजे नेमकं काय झालं ते दिसतं. दीडशे काड्या एका गटाला भरपूर होतात.

गृहपाठाला पहिली तीस मिनिटं, घड्याळ लावून. तो टाळता येत नाही, कारण तो अपुरा राहिला की मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच जात नाही. पण संध्याकाळ त्यालाच देऊ नका. गाईडमधून उत्तरं उतरवून घेतलेल्या वह्या सुंदर दिसतात आणि मूल मात्र वाचायला शिकत नाही. नंतरची चाळीस मिनिटं पातळीप्रमाणे वाचन आणि गणित, उरलेला वेळ खेळ किंवा गप्पा. गप्पा वगळू नका. घरातलं बरंच काही तिथेच कळतं.

स्वयंसेवकांकडून ठरलेले दोन वार आणि किमान सहा महिने असा शब्द घ्या. मधूनच येणारा ताई-दादा मुलांना न येणाऱ्यापेक्षा जास्त दुखावतो. कॉलेजचे विद्यार्थी परीक्षेच्या दिवसांत दिसत नाहीत, ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतले सहापर्यंत सुटत नाहीत. निवृत्त मंडळींची जोड हवीच. जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाल्यावर ठाण्याकडून येणाऱ्यांची वेळ बरीच वाचली.

सुरक्षेचे नियम पहिल्या दिवशी लिहून भिंतीवर लावा. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, कुणीही मुलाला स्वतःच्या घरी नेणार नाही, फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाहीत, प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. पालकांची लेखी संमती आणि दोन फोन नंबर. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐकायचं, त्याचेच शब्द लिहून ठेवायचे, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. खरं-खोटं तपासणं आपलं काम नाही. संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर प्रत्येकाला पाठ हवा.

आता हजेरी. वर्ग सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत रोज भरायची, एकाच माणसाने. पहिल्या दिवशी गैरहजर असेल तर शेजारच्या मुलाला विचारायचं. लागोपाठ तीन वर्ग चुकले की घरी जायचं, दोघांनी मिळून, त्यातली एक बाई. ‘का पाठवत नाही?’ असं विचारलं की आई गप्प होते. ‘ताई, पोर दिसली नाही, बरं आहे ना?’ एवढंच म्हणा. बहुतेक वेळा कारण चार-पाचांतलंच निघतं: आजारपण, धाकटं भावंड सांभाळणं, घरी आणलेलं मणी ओवण्याचं काम, मजुरीच्या नाक्यावर वडिलांसोबत जाणं, गावी निघणं. वहीत फुलीशेजारी कारण लिहा. दोन महिन्यांनी वही चाळली की नमुना दिसतो. आमच्याकडे सोमवारी गैरहजेरी जास्त होती, कारण रविवारी रात्री घरात भांडणं व्हायची. त्या मुलांसाठी सोमवारी अभ्यास कमी आणि खेळ जास्त केला.

गावी निघालेल्या कुटुंबाला शाळा सोडल्याचा दाखला घेऊनच जायला सांगा. दाखला नसला तरी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. परतलेल्या मुलाला कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात बसण्याचा आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंती आठवडाभर हवेत राहते. अडलंच तर महापालिकेचा शिक्षण विभाग. मात्र हा हक्क 14 वर्षांपर्यंतचा आहे. नववीत गळलेल्यांसाठी दहावीला बाहेरून बसण्याचा फॉर्म नंबर 17 हा मार्ग आहे, त्याच्या मुदतीवर लक्ष ठेवावं लागतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहून घेतो: गाव, तिथला फोन आणि परतण्याची तारीख. जूनमध्ये शाळा उघडतात त्या आठवड्यात वर्ग घ्यायचा नाही. ती वही घेऊन गल्लोगल्ली फिरायचं आणि कुणाचं दार अजून बंद आहे ते पाहायचं.