आईचे पाय आणि ती इन्फ्रारेड मशीन

आईची शुगर १८ वर्षांपासूनची. गेल्या महिन्यात देवळातून आली तर एका पायात चप्पलच नाही, वाटेत कुठे निसटली तिला कळलंच नव्हतं, तळव्यात काटा मोडलेला आणि फरशीवर रक्ताचे ठसे. पोटात धस्स झालं.

शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्यात का ते बघायला डॉक्टरांनी १० ग्रॅम दाबाला वाकणारी मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा जाडसर दोराच, तळव्याला टेकवून बघितली. आई डोळे मिटून "हं, हं" म्हणत होती, अंगठ्याला लावली तेव्हा मात्र गप्प.

मग कुणीतरी इन्फ्रारेड थेरपी सुचवली. पायाला पॅड बांधायचे, ८९० नॅनोमीटरचा प्रकाश, डोळ्यांना दिसतच नाही, म्हणे त्याने नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणारा वायू, सुटतं, पायाचा रक्तपुरवठा वाढतो आणि नसा जाग्या होतात. मशीन विकणाऱ्याला मी पैसे देणारच होते पण रात्री वाचत बसले. अमेरिकेत २००८ मध्ये ६९ जणांवरची ट्रायल छापून आली, काहींना खरी मशीन, काहींना हुबेहूब खोटी, रोज ४० मिनिटं, ९० दिवस, आणि शेवटी दोन्ही गटांत फरक नाही! तिथल्या मेडिकेअरने, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याने, तर २००६ मध्येच याचा खर्च नाकारलाय. मला खरंच राग आला, ज्या पायाला चटका कळत नाही त्याला गरम पॅड कसा बांधायचा?

आता रोज रात्री मी आरसा धरून तिचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसते. ती म्हणते, "पुरे गं, गुदगुल्या होतात." डाव्याच पायाला होतात.