दोनच भोकं

"दोनच तर भोकं आहेत, डॉक्टर. टाके घाला, मी घरी घेऊन जाते."

गोटी टेबलावर उभी होती, शेपूटही हलवत होती. चार किलो दोनशे ग्रॅम वजनाची पांढरी पॉमेरेनियन. उजव्या कुशीवरचे केस लालसर होऊन चिकटलेले आणि त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढी दोन भोकं. बागेत मोठ्या कुत्र्याने तिला "उचललं" होतं. ताई तो शब्द सहज बोलून गेल्या, पण तो ऐकला की मी हातातलं काम सोडते.

मोठा कुत्रा लहान कुत्र्याला उचलतो तेव्हा नुसता चावत नाही, झटकतो. कुत्र्याची कातडी सैल असते, ती दातांबरोबर सरकते आणि वाचते. खालचे स्नायू बरगड्यांना आणि मणक्याला घट्ट धरलेले असतात, त्यांना सरकायला जागा नसते. ते फाटतात. म्हणून बाहेर दोन भोकं दिसतात आणि आत काय झालंय ते दिसत नाही. अशी भोकं वरून शिवून, पावडर मारून, एक इंजेक्शन देऊन पेशंट घरी पाठवणारे माझ्याच धंद्यात अजून आहेत. तिसऱ्या दिवशी तेच कुत्रं पू भरून, ताप घेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर येतं.

हलणाऱ्या शेपटीवर जाऊ नये. हिरड्या पाहिल्या, फिकट. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंद लागले. दोनच्या आत यायला हवा. ठोके मिनिटाला एकशे नव्वद, श्वास साठ, ताप सदतीस पूर्णांक एक. कुत्र्याचं अंग साधारण अडतीस ते एकोणचाळीसच्या आसपास असतं, म्हणजे ही गार पडत होती. चार किलोच्या कुत्र्यात रक्त असतं साडेतीनशे मिलीच्या आसपास. त्यातलं शंभर मिली पोटात गळलं तर बाहेर थेंब दिसत नाही आणि पाव भागाहून जास्त रक्त गेलेलं असतं.

आधी नाकाशी ऑक्सिजन धरला. मास्क दाबून बसवला नाही. धडपड केली तर श्वास आणखी बिघडतो. मग वेदनेसाठी ओपिऑइड. मेलॉक्सिकॅमसारखी सूज-वेदनेची औषधं या टप्प्यावर अजिबात नाहीत, रक्तदाब पडलेला असताना ती मूत्रपिंडावर उलटतात. (घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर कधीच देऊ नये. लोक देतात.) पुढच्या पायात बावीस गेजची कॅन्युला, रिंगर लॅक्टेट साठ मिली पंधरा मिनिटांत, मग पुन्हा हिरड्या, पुन्हा ठोके. सगळं सलाइन एकदम ओतायचं नाही, कारण दाब झपाट्याने वाढला तर धरलेली गुठळी सुटते. अँटिबायोटिक लगेच शिरेतून. कुत्र्याच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, आणि फक्त हवेशिवाय वाढणारेही बरेच असतात, त्या सगळ्यांना पुरेल असं लागतं. रेबीजची लस वर्षाची पूर्ण होती, तरी बूस्टर दिला.

मग क्लिपर. आधी जखमेत जेल भरायचं, म्हणजे कापलेले केस आत जात नाहीत. ही साधी गोष्ट शिकाऊ मुलांना मी दर आठवड्याला सांगते आणि दर आठवड्याला कुणीतरी विसरतं. केस काढल्यावर डाव्या कुशीवर आणखी दोन भोकं निघाली. एकूण चार, वरचे सुळे आणि खालचे सुळे. दोन भोकांतलं अंतर साडेचार सेंटिमीटर. म्हणजे मधली अख्खी कूस जबड्यात होती. उजव्या बाजूला कातडीखाली काहीतरी मऊ, फुगीर लागत होतं, दाबलं की आत जात होतं. एक्स-रेत ते स्पष्ट दिसलं: पोटाच्या भिंतीबाहेर, कातडीच्या लगेच खाली, हवा भरलेली आतड्याची वळणं. शेवटच्या बरगडीला तडा, छातीत हवा नाही. सोनोग्राफीत मूत्राशयाजवळ द्रवाची पातळ रेघ.

तोवर बागेतली हकिकत तुकड्यातुकड्यांनी कळत होती. त्या मोठ्या कुत्र्याचा, बादलचा, मालकही दवाखान्यातच होता. पंचविशीतला मुलगा. त्यानेच दोघींना गाडीत घालून आणलं होतं. "माझा कुणाला काही करत नाही हो, मॅडम. रोज सगळ्यांशी खेळतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ऐकताक्षणी माझं डोकं फिरतं. पण तो खोटं बोलत नव्हता. बादल बाहेर गाडीत होता. बत्तीस किलोचा लॅब्राडॉर क्रॉस, काचेला नाक लावून बसलेला, मी जवळ गेले तर कान मागे टाकून अंग वळवळवणारा. अशाच कुत्र्यांच्या भरवशावर लोक बागेत पट्टा सोडतात.

बादल मोकळा होता. गोटी लीशवर होती, आत-बाहेर होणाऱ्या, पाच मीटरच्या, बारीक दोरीच्या लीशवर. बादल पंचवीसेक मीटरवरून सरळ पळत आला. ताशी तीस किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला आठ मीटर. तीन सेकंद. तेवढ्यात मुलाने दोनदा नाव घेतलं असेल. पाठलाग सुरू होण्याआधी हाक मारली तर कुत्रं वळतं. एकदा सुटल्यावर ती हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही, कितीही शिकवलेलं असो.

सरळ येणं ही पहिली गडबड. ओळखपाळख नसलेली दोन कुत्री मोकळी असली तर साधारण कमानीत येतात, बाजूने येतात, शेपटीकडचा वास घेतात. समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून, वेगात येणं त्यांच्यात उद्धटपणाचं असतं. मोकळ्या कुत्र्याला असा उद्धट पाहुणा टाळता येतो, बांधलेल्याला येत नाही. गोटीने बाजूला व्हायचा प्रयत्न केला असणार, पण ताईंनी अंगठ्याने ब्रेक दाबला होता आणि दोरी ताणलेली होती. ताणलेल्या पट्ट्याने मान वर होते, छाती पुढे येते, पुढचे पाय हलके होतात. समोरच्या कुत्र्याला ते अंगावर येण्यासारखं दिसतं. गोटी भुंकली. बादल थांबला नाही. मग ताई घाबरल्या आणि त्यांनी दोरी वर खेचली.

बारीक आवाजात किंचाळणारी, हवेत लटकून वळवळणारी चार किलोची वस्तू. बादलच्या जागी कुठलाही शिकारी रक्ताचा कुत्रा असता तरी त्याच्या मेंदूत तोच खटका पडला असता.

मुलाने बादलची मान धरून त्याला मागे ओढलं. जबडा मिटलेला असताना मागे ओढलं की फाटायचं ते तेव्हाच फाटतं. अशा वेळी मागचे दोन्ही पाय मांड्यांशी धरून हातगाडीसारखे उचलायचे आणि पकड ढिली होईपर्यंत तसंच धरायचं. सुटली की गोल फिरवत मागे न्यायचं, म्हणजे वळून चावता येत नाही. पाणी, जाड चादर, हेही चालतं. तोंडाजवळ हात घालायचा नाही. ताईंनी घातला होता. डावा हात त्या मघापासून रुमालात गुंडाळून बसल्या होत्या. उघडायला लावला तर तर्जनीवर दोरीने भाजल्याची पांढरी खाच आणि अंगठ्याखाली दाताचा ओरखडा. साबण आणि नळाचं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून, आणि तिथून थेट माणसांच्या डॉक्टरकडे. बादलवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितली. "एवढंसंच आहे," असं ताई म्हणाल्या. गोटीच्या भोकांबद्दलही त्या तेच म्हणाल्या होत्या.

संमतीपत्रावर सही करताना त्यांनी विचारलं, "मी वर ओढलं म्हणून झालं का हो हे?"

मी म्हणाले, "नाही ताई, तसं काही नाही."

ऑपरेशन पोटाच्या मधोमध चिरून केलं, बाजूच्या जखमेतून नाही. बाजूने फाटलेली भिंत शिवता येते, पण आतडं पूर्ण तपासता येत नाही. जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत बोटांतून सरकवत प्रत्येक इंच पाहिला. भोक एकही नव्हतं. पण एका ठिकाणी आतड्याला रक्त पुरवणारा पडदा आतड्याच्या काठापासून सोलून निघाला होता. तिथलं आतडं आधी जांभळं होतं, कोमट सलाइनच्या गॉजमध्ये दहा मिनिटं ठेवल्यावर करडं झालं. अकरा सेंटिमीटर कापून टाकलं, टोकं जोडली, चार-शून्य धागा, सिरिंजने सलाइन भरून गळती तपासली. पोटाची भिंत शेवटच्या बरगडीपासून सुटली होती, म्हणून टाके बरगडीभोवतून घ्यावे लागले. तिथे नुसत्या स्नायूत टाका धरत नाही. त्या टाक्यांचा मला अजूनही अभिमान आहे, आणि ते कुणालाच दिसणार नाहीत. चारही भोकं मोठी करून, मेलेली चरबी काढून, भरपूर धुऊन उघडीच ठेवली. आत ड्रेन, म्हणजे साचलेला द्रव बाहेर यायला नळी.

झटकलेल्या कुत्र्यात जिथे जखम दिसते तेवढेच केस काढून भागत नाही. म्हणून शेवटी, भूल असतानाच, मानेचेही काढले. गळ्यावर निळसर वळ होता. गळ्यातल्या पट्ट्याच्याच रुंदीचा, समोर नरड्यावर गडद, बाजूला फिका, मानेच्या मागे काहीच नाही. दाताने असा वळ उठत नाही. खालून वर वजन लटकलं तरच उठतो. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. सही होऊन चार तास झाले होते.

नियम मोडला तो बादलच्या मालकाने, याबद्दल मला शंका नाही. सार्वजनिक बागेत कुत्रा बांधलेला हवा, आणि प्रेमळ कुत्र्याला त्यातून सूट नाही, कारण प्रेमळ कुत्राही तीन सेकंदांत पंचवीस मीटर जातो. पण एक बांधलेला आणि एक मोकळा, हे दोन्ही मोकळे असण्यापेक्षा वाईट. त्यात बांधलेल्याची पळायची सोय काढून घेतलेली असते. आणि बागेच्या पाटीवर "कुत्रे बांधून आणावेत" एवढंच लिहिलेलं असतं. कशाने, किती लांब, हे कुणी लिहीत नाही. पाच मीटरची स्प्रिंगची दोरीही त्या पाटीच्या हिशेबात बांधणंच.

मला ती लीश बागेत नकोच वाटते. दोरी कायम किंचित ताणलेली राहते, त्यामुळे ओढलं की जास्त जागा मिळते हे कुत्रं पहिल्या आठवड्यात शिकतं. पळत्या कुत्र्यावर ब्रेक दाबला की मानेला हिसका. हँडल हातून सुटलं की ते खडखडत कुत्र्यामागे धावतं आणि कुत्रं त्यालाच घाबरून पळत सुटतं. दोरी बोटाभोवती किंवा पोटरीभोवती फिरली तर कातडी भाजते, बोट तुटल्याच्याही घटना आहेत. त्यापेक्षा दीड ते दोन मीटरचा चपटा पट्टा, छातीच्या हार्नेसला, आणि चालताना तो मध्ये झोळीसारखा सैल दिसला पाहिजे. बोलावल्यावर यायची सवय लावायची असेल तर दहा मीटरची लांब दोरी, तीही हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, गळ्यात नाही, आणि टोकाला हाताचा फास न ठेवता. गरज पडली तर पायाने दाबता येते.

आणि समोरून मोकळा कुत्रा आलाच तर? लांब दिसला तेव्हाच दोरी आवरायची. आपण मध्ये उभं राहायचं. खाऊ मूठभर त्याच्या तोंडासमोर फेकायचा, बरेच थबकतात. लहान कुत्रं उचलायचंच तर लवकर, दोन्ही हातांनी, छातीशी दाबून, पाठ फिरवून. दोरीने कधीही नाही. यातलं काही केलं असतं तर गोटी त्या चाव्यातून नक्की सुटली असती असं मी सांगू शकत नाही; तीन सेकंद म्हणजे तीनच सेकंद.

जोडलेलं आतडं सुटायचं तर बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुटतं. ते दिवस आम्ही दर चार तासांनी ताप घेत होतो. ते निभावलं. पाचव्या दिवशी उजव्या कुशीवरची कातडी रुपयाएवढी काळी पडली. हे अपेक्षितच होतं, चिरडलेली कातडी मरते आहे की जगते आहे हे तेवढ्या दिवसांनीच कळतं. ती काढली. सातव्या दिवशी गोटी घरी गेली. बादलच्या मालकाने बिलातला निम्मा भाग स्वतःहून भरला. आता तो बादलला कुठल्याच बागेत नेत नाही म्हणे. तेही मला पटलेलं नाही, कारण बत्तीस किलोचा कुत्रा घरात कोंडून शहाणा होत नाही.

ताईंनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मीही विषय काढला नाही.

चौदाव्या दिवशी त्या टाके काढायला आल्या. नवा पट्टा होता, दोन मीटरचा, चपटा, हार्नेससकट, मी लिहून दिला होता तसाच. पण त्यांनी तो तळहाताभोवती तीन वेढे घेऊन धरला होता. उरलेला वर ताणलेला होता, आणि गोटीचे पुढचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. मी बोलता बोलता त्यांच्या हातावरचे दोन वेढे सोडवले. गोटी लगेच खाली वाकून फरशी हुंगायला लागली. टाके काढून झाले, मी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली, आणि मान वर करून पाहिलं तर वेढे पुन्हा तीन झाले होते.