तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फ बरा आहे, आता शिकायचं कुणाकडे?

गोव्यात बाणावलीला गोल्फची सकाळची फेरी आटोपून बुटांच्या नाड्या सोडत बसलेलो असतो, तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन टेकतं. कधी मडगावचा एखादा डॉक्टर, कधी वास्कोहून आलेला कुणी, परवा तर आमच्या भाचीचा नवरा. "काका, चार वर्षं पंधराच्या हँडिकॅपवर अडकलोय. नवखा नाही मी, पण पुढंही सरकत नाही. तुम्ही तेरावरून नऊवर आलात, कुणाकडे शिकलात?"

(हँडिकॅप म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा आपल्याला साधारण किती जास्त लागतात तो आकडा; कमी तितका बरा.) नाव मी सांगत नाही. माझ्या कोचचं औषध माझ्या दुखण्याला लागू पडलं, तुमचं दुखणं दुसरं असेल. पण माणूस पारखायचा कसा, ते मनापासून सांगतो. मी स्वतः एक अख्खा हंगाम चुकीच्या हातात घालवलाय आणि तुमचा तसा जाऊ नये असं वाटतं.

माझ्या त्या पहिल्या शिक्षकानं तीन चेंडू मारायला लावले आणि बोलायला सुरुवात केली. ग्रिप, म्हणजे पकड, बदला, पाय जवळ घ्या, बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागं नेणं, आखूड करा, उजवं कोपर अंगाला ठेवा, मान हलवू नका. तासाभरात पाच गोष्टी झाल्या. माझा चेंडू उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळायचा, म्हणून वर एक सहावी: क्लब (फटका मारायची काठी) अंगाच्या आतल्या बाजूनं आणा. मी निष्ठेनं ते केलं. चेंडू वळायचा कमी झाला, पण निघतानाच सरळ उजव्या झाडीच्या दिशेनं निघू लागला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे आपल्याकडचे खेळायचे सगळ्यात चांगले महिने, त्यात गेले.

चूक कुठं होती ते मला फार उशिरा कळलं. पूर्वी सगळीकडे असंच शिकवायचे की क्लब ज्या वाटेनं फिरतो त्या वाटेनं चेंडू निघतो आणि मग फेसच्या, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, दिशेला वळतो. रडारवर फटके मोजायला लागल्यावर उलट दिसलं. चेंडू कुठल्या दिशेनं निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो, आयर्नला (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) त्याहूनही जास्त. वळण येतं ते फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. क्लब आणि चेंडू यांची गाठ जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची, नुसत्या डोळ्याला ती दिसणं शक्यच नाही. माझी वाट ठीक होती, फेस उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड केलेला, होता. म्हणून शिक्षकाला सरळ विचारा, "माझा चेंडू असा का जातो?" उत्तरात फेस आणि वाट वेगवेगळे आले नाहीत, तर आभार मानून उठा.

दुसरा कोच पुण्यात भेटला. ताई तिथं असते, त्यामुळे मुक्कामाची चिंता नव्हती. रात्रीच्या बसनं चोर्ला घाट चढून गेलो आणि सकाळी आठला त्याच्यासमोर उभा राहिलो. सेव्हन आयर्ननं बारा चेंडू मारले, तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "हातमोजा काढून द्या जरा." उलटून पाहिला. तळहाताच्या टाचेशी, करंगळीच्या खालच्या गादीवर, चामडं घासून पातळ झालं होतं, एका जागी तर भोक पडायला आलं होतं. बोटांपाशी हातमोजा जवळजवळ नवा. "क्लब तुमच्या तळहातात बसतो, बोटांत नाही. प्रत्येक फटक्याला तिथं सरकतो. फेस उघडा राहतो तो त्याच्यामुळे." त्या दिवशी एवढंच बदललं. बाकीच्या स्विंगला त्यानं हात लावला नाही. मी कोपराबद्दल विचारलं, तर म्हणाला, "तेरापर्यंत तुम्ही याच कोपरानं आलात, राहू दे त्याला."

बऱ्यापैकी खेळणाऱ्याला असा माणूस हवा. आपल्या खेळात पुष्कळसं चांगलं असतं आणि ते त्याला दिसायला हवं. नवख्याला घडवायचं असतं, आपल्याला दुरुस्त करायचं असतं, ही दोन कामं निराळी आहेत. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का हे जरूर बघा, पण ते बघून थांबू नका.

आणखी एक विचारा, ही डागडुजी आहे की पाडून बांधणं? इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फर निक फाल्डो यानं १९८०च्या दशकाच्या मध्यावर डेव्हिड लेडबेटर या कोचकडे जाऊन स्विंग मुळापासून बदलला. मधली सुमारे दोन वर्षं कठीण गेली, आणि १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या मुइरफील्डला त्यानं ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली, शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत. पण त्याचा सगळा दिवस त्याच्या हातात होता. आपल्याकडे रविवार आहे आणि जमला तर एखादा बुधवार. पाडून बांधायला सांगणारा कोच खरा असेलही, पण मधल्या दोन वर्षांत तुम्ही खेळावर प्रेम करत राहाल का, याचा विचार आधी करा.

आता कोचकडे जाण्याआधीचं काम. माझा पेशा हिशेबाचा, म्हणून मला हे जवळचं वाटत असेल, पण याच्याशिवाय जाऊ नका. हँडिकॅप निघतो तो शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ वरून. उरलेल्या १२ बाजूला पडतात, आणि आपलं दुखणं नेमकं त्या बारांत असतं. मी वीस फेऱ्यांची वही केली. प्रत्येक फटका कुठून मारला, कुठं थांबला. माझी खात्री होती की माझं पटिंग (चेंडू होलात ढकलायचे शेवटचे छोटे फटके) कच्चं आहे. वहीनं सांगितलं, १३० ते १६० यार्डांवरून ग्रीन (होलाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) उजवीकडे हुकतं आणि मग एक-दोन फटके जास्त जातात. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी हीच मोजणी मोठ्या प्रमाणावर केली. अव्वल आणि साधारण खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक त्यांना शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत सापडला. पटिंगवर सगळा दोष टाकणाऱ्यांनी हे ऐकावं. पुण्याच्या कोचनं ती वही वीस मिनिटं वाचली. वही बाजूला सारून "चला, मारून दाखवा" म्हणणाऱ्याकडे मी पुन्हा गेलो नसतो.

गोव्यातली अडचण मला माहीत आहे. बाणावलीचं ताज एक्झॉटिका रिसॉर्टचं मैदान अठराऐवजी नऊ होलांचं, काणकोणला राजबागेचं ललित रिसॉर्टचंही नऊचंच. तिथला सुट्टीतला धडा मुख्यतः पहिल्यांदा क्लब धरणाऱ्या पाहुण्यासाठी असतो, आणि त्याच्यासाठी तो चांगलाच असतो. आपल्याला बाहेर जावं लागलं तर जावं. मी वर्षातून तीनदा पुण्याला जातो, मधल्या काळात मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. फोन हातांच्या उंचीवर, लक्ष्याच्या रेषेत आणि स्थिर ठेवा. वीतभर बाजूला ठेवलात तर चांगली वाटही वाकडी दिसते आणि कोच नसलेला आजार शोधत बसतो. जमेल तेव्हा गवतावरून मारलेले फटके पाठवा, कारण सरावाच्या मॅटवर क्लब जमिनीत आधी आपटला तरी सरकून चेंडूला लागतो आणि चूक झाकली जाते. बदल करायचाच असेल तर पावसाळ्यात करा. जून ते सप्टेंबर स्पर्धेचा दबाव नसतो, घरातल्या घरात रोज दहा मिनिटं नुसती ग्रिप धरून सोडायची. माझी बोटं तशीच वळणावर आली, गणपतीपर्यंत.

आणि पहिल्या भेटीला जाताना नवा हातमोजा विकत घेऊ नका. जुनाच न्या.