रिकाम्या जोत्यावरचा उजेड

२७ फेब्रुवारी, रात्री

१८२८ मध्ये याच तारखेला शनिवारवाडा पेटला आणि सात दिवस जळत राहिला. सागवानी दिवाणखाने गेले. उरली तटबंदी, दरवाजे, जोती आणि हजारी कारंज्याचं कमळ.

इथे ध्वनिप्रकाशाचं काम करायचं म्हटलं की पहिला मोह होतो तो प्रोजेक्टरने अख्खा वाडा उभा करायचा. मला ते पटत नाही. महाल रंगवून दाखवला की जोत्याकडे कोणी बघतच नाही. त्यापेक्षा जोत्याच्या कडेने, वीतभर उंचीवर, दिवे ठेवावेत. रंग २००० केल्विनच्या आसपास, तेलाच्या दिव्याजवळ जाणारा. ४००० ला गेलं की उजेड पांढरा, थेट मंगल कार्यालय. स्मारक संरक्षित, म्हणजे खिळा नाही, ड्रिल नाही. स्टँड आणि वाळूच्या पिशव्या. डीएमएक्सच्या, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम दिव्यांपर्यंत नेणाऱ्या केबलच्या, एका लाइनवर ३२ च्या वर दिवे नकोत आणि शेवटच्याला १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रोधक, हवाच. तो राहिला की सिग्नल टोकावरून उलटा फिरतो, दिवे वाटेल तसे लुकलुकतात आणि शिव्या बसतात कंट्रोलरला.

आवाजाचं प्रकरण जास्त अवघड. दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना अजून उभा आहे, तेव्हा नगारा तिकडूनच ऐकू यायला हवा. मागच्या लोकांसाठी २० मीटरवर दुसरा स्पीकर लागतो, आणि तिथे घोळ होतो: त्याचा आवाज आधी पोचतो, दरवाज्याचा मागून, एका थापेच्या दोन थापा. २५ अंशाला ध्वनी सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो, म्हणजे २० मीटरला ५८ मिलिसेकंद. मागच्या स्पीकरला तेवढा डिले, म्हणजे उशीर, द्यायचा, वर आणखी १०-१५, म्हणजे दरवाज्याचा आवाज आधी पोचतो. मग कान दरवाज्याकडेच वळतो.

दिवाणखान्यातलं बोलणं उघड्यावर कोरडं लागतं. २० × १० × ५ मीटरचं दालन धरलं, लाकूड, बैठका, पडदे, माणसं मिळून १६० चौरस मीटर शोषण धरलं, तर सॅबाइनच्या सूत्राने घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सुमारे १ सेकंद येतो. तेवढाच द्यावा. सॉफ्टवेअरमधलं ‘कॅथेड्रल’ नावाचं, मोठ्या चर्चसारखं घुमणं लावलं तर शब्द कळत नाहीत आणि पेशवे चर्चमध्ये बसल्यासारखे वाटतात.

आगीसाठी नारिंगी फ्लॅश तर नकोच. सात दिवसांचे सात टप्पे: दर टप्प्याला दिव्यांची एक रांग विझते, लाकडाची तडतड विरळ होत जाते. शेवटी कारंज्यापाशी एकच दिवा, १० टक्क्यांवर. स्वस्त एलईडी इतक्या कमी उजेडाला थरथरतात. आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघावं, पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदलावा.