घाणेरी, दीडशे रुपये

नर्सरीतल्या कुंडीला चिठ्ठी होती : 'लँटाना, १५० रु.' मी वाकून एक पान चुरगळलं, बोटं नाकाशी नेली. तोच वास!
"अहो, ही तर घाणेरी!"
नर्सरीवाला दुखावला. "हायब्रीड आहे साहेब. हिला फळं धरत नाहीत."
तोवर बायकोने कुंडी उचललीसुद्धा होती.

आमच्या साताऱ्याकडे ही घाणेरी, कोकणात मामाच्या गावी टणटणी. शाळेच्या वाटेला दोन्ही बाजूंनी हीच. एका फुलाची नळी दुसऱ्याच्या तोंडात खोचत आम्ही अंगठ्या करायचो आणि पिकलेली काळी फळं खाऊन जीभ जांभळी करून घ्यायचो. हिरवी मात्र विषारी, त्यांना हात लावला की आजीचा धपाटा ठरलेला.

गुच्छ नीट बघायला मी शिकलो तो पार चाळिशीत. मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी गुलाबी. मध असतो तो पिवळ्यात. फुलपाखरू येऊन गेलं की फूल रंग बदलतं. पिवळं म्हणजे दुकान उघडं, गुलाबी म्हणजे शटर खाली. तरी बंद दुकानं गळून पडत नाहीत, लांबून बाजार भरलेला दिसावा म्हणून. काय डोकं आहे!

ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली. तिथून कुंपणांना लागली आणि कुंपणांवरून उड्या मारत रानात गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या प्रदेशातलं ४० टक्क्यांहून जास्त जंगल हिने व्यापलंय. गुरं हिला सहसा तोंड लावत नाहीत. उपासमारीत खाल्लीच तर यकृत बिघडतं, आणि उन्हात कातडी सोलवटते. म्हणजे शेळ्या-गुरांनी आजूबाजूचं सगळं साफ करायचं आणि मोकळी जागा हिने बळकवायची.

रविवारी आम्ही काही जण टेकडीवर हिला काढायला जातो. पहिल्या वर्षी कोयत्याने सपासप कापली आणि फोटोही काढले. पाऊस पडला तसे एकेका बुंध्याला चार-चार फुटवे. मग एका जाणत्या काकांनी दाखवलं : कुदळीने मातीखाली दोन-तीन इंच जाऊन मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप मुळं वर करून, उलटं वाळत ठेवायचं. पुन्हा माती मिळता कामा नये. हातमोजे घालूनही मनगटावर ओरखडे उठतात ते उठतातच, चौकोनी दांडीला उलटे काटे असतात.

तर असा अंगाला तोच वास घेऊन दहा वाजता घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि गॅलरीतल्या लँटानाला पाणी घालायचं. बायको हसते. हसू दे. फूल गोड आहे, हे मी कुठे नाकारतोय?

'फळं न धरणाऱ्या' हायब्रीडला मिरीएवढ्या हिरव्या फळांचे घोस लागले, तेव्हापासून मी कात्री घेऊन उभा असतो. परवा पानाआड एक घोस राहून गेला. पिकला होता. कठड्यावर बुलबुल बसला होता, चोच पुसत. मी "हुश्श" करेपर्यंत तो उडाला, सरळ टेकडीच्या दिशेने.